माय कोण, मावशी कोण

अहेरी

चि. दिव्यानी,
तुह्या ताईचा पोटभर आशीर्वाद.

मी इथी रेस्क्यू सेंटरात मजेत आहो. टीमची हेड झाल्यापासून सगळे मॅडम म्हणतेत. तिकडं गोंडपिपरीत आईचा गुडघा कसा आहे?

सध्या अस्वलाचं एक पिल्लू आलं आहे, बिनमायचं. मोठं झालं की त्याले जंगलात सोडाचं आहे, म्हणून मी नियम लावला: दूध पाजताना कोणी बोलाचं नाई. जो बोलत बोलत पाजते, त्यालेच पिल्लू माय समजते.

काल फोनवर, तुह्यापाशी ठेवलेल्या माह्या आरुषनं तुले 'माय' म्हटलं आन् मले 'मावशी'. तू खदखदून हासली. मी बी हासली. मंग पिंजऱ्यामांगं जाऊन बसली.

त्याले तुह्याच हातचा वरणभात लागते, हे बी तूनंच सांगतलं. काऊन सांगतलं?

'माय मरो, मावशी उरो' असं आई म्हणते खरं. पण मी मेली नाई न वं, ड्युटीवर आहो.

तू त्याचं लय करते, मले मालूम आहे. कर. पोटभर चार त्याले. फक्त चारताना थोडी चूप राह्यत जा.

आरुषची माय,
मंजुषा