परीक्षक बदलले आणि माझी खुर्ची गेली

मांजरी, पुणे
रविवार, दुपार

आदरणीय साडूभाऊ बापूराव यांना नागोरावचा सप्रेम जयभीम.

राधाताईंनाही आमचा जयभीम सांगावा. इकडे सर्व खुशाल आहेत (सर्व म्हणजे सुशीला आणि आमचा तेजस, माझं पुढे येईलच). तुमचे गुडघे कसे आहेत? राधाताईंच्या बी.पी.च्या गोळ्या वेळेवर चालू असतील अशी आशा आहे. भंडाऱ्याला ऊन तापलं असेल, तेव्हा दुपारचं बाहेर पडू नये. फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुमच्या मनात आलं असेल. एक तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. आणि दुसरं म्हणजे, आमच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीतलं बोलणं स्वयंपाकघरात जसंच्या तसं ऐकू जातं.

सुशीला नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर चित्रं काढू लागली आणि साठीच्या पुढच्यांसाठी टीव्हीवर चाललेल्या 'रंगसंध्या' स्पर्धेत तिची निवड झाली, हे तुम्ही एव्हाना साऱ्या भंडाऱ्याला सांगून मोकळे झाला असाल. पण तिच्या प्रत्येक चित्रात मीच का, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. सुरुवातीला ती फुलं काढायची. ती संध्याकाळपर्यंत माना टाकत. मग मांजर काढायला घेतलं, ते कान काढून होताच उठून गेलं. इथे मांजरीत अजून थोडा ऊस उरला आहे, तो काढायला गेलो, तर रंग कालवेपर्यंत तोडणी सुरू झाली. शेवटी तिची नजर माझ्यावर पडली. बाल्कनीतली खुर्ची, हातात पेपर, निवृत्त माणूस. हलत नाही, कोमेजत नाही आणि कुणी तोडूनही नेत नाही.

तेव्हाचे परीक्षक सीतारामसर म्हणजे फार मृदू माणूस. मी पेपर वाचतो आहे, हे चित्र पाहून ते म्हणाले, या गृहस्थांच्या ठायी केवढी शांतता आहे! पुढच्या फेरीत मी पेपर वाचता वाचता झोपलो आहे असं चित्र होतं. त्यांना शांतता आणखी वाढलेली दिसली. मग काय विचारता! बागेत फिरायला गेलो की माणसं वळून बघू लागली. बुधवार पेठेत सुशीलेसाठी कागद आणायला गेलो, तर दुकानदाराने चष्मा वर करून मला न्याहाळलं आणि म्हणाला, चित्रात जरा बरे दिसता. (पुण्यात हे कौतुक समजायचं असतं. मी समजलो.) पुढे पुढे मला स्थिर बसण्याची इतकी सवय लागली, की स्वारगेटला बाकावर बसलो असताना माझी बस समोरून आली, थांबली, भरली आणि गेली, मी मात्र मान तिरपी ठेवून शांतच होतो.

आता घरचे आहात म्हणून सांगतो. नोकरीच्या काळात सुशीलेच्या रात्रपाळ्या आणि माझी पाटबंधारे खात्यातली फिरती, यात एकमेकांकडे बघायला सवड कुणाला होती? आता ती तासन्‌तास माझ्याकडे बघत होती. एक डोळा मिटून, पेन्सिल पुढे धरून का होईना, पण बघत होती. मला ते फार आवडत होतं. पाठीला रग लागायची, नाकावर माशी बसायची, पण उठावंसं वाटायचं नाही.

आणि मग सीतारामसर गेले. (घाबरू नका, स्पर्धेतून गेले. प्रकृती ठणठणीत आहे.) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, म्हणून ऑपरेशनसाठी त्यांनी रजा घेतली. ही बातमी कळल्यावर तेजसने सुशीलेची सगळी चित्रं पुन्हा निरखून पाहिली. मग म्हणाला, "बाबा, मग त्यांना नक्की काय दिसत होतं?" कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणाऱ्या मुलाला घरी आल्यावर हे बटण बंद करता येत नाही. सुशीला त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठली. मला त्याचा फार राग आला, पण कोणावर काढायचा ते सुचेना, म्हणून मी वाढलेल्या भातावर काढला आणि जास्त जेवलो.

त्यांच्या जागी मैत्रीताई नावाच्या नव्या परीक्षक आल्या. अस्सल पेठेतल्या. बाई हसल्या की पुढच्याला आपलं काय चुकलं असा प्रश्न पडतो. त्यांच्यासमोरचा पहिला भाग चित्रित करून सुशीला घरी आली आणि गप्पच राहिली. निकाल आधी फोडायचा नाही अशी वाहिनीची अट असते. मी मात्र उत्साहाच्या भरात सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मोठ्या पडद्यावर तो भाग दाखवायचं ठरवलं, साऱ्यांना आमंत्रण दिलं, परातभर चिवडा करवून घेतला. सुशीला दोनदा म्हणाली, अहो, कशाला लोक जमवता? का जमवू नये, हे काही ती सांगेना. खोटं ती बोलत नाही (शील पाळण्यात ती घरच्यांनाही सवलत देत नाही), आणि खरं बोलायची बंदी. अशा बाईचा नवरा कसा फसतो, ते मी त्या संध्याकाळी पाहिलं.

पडद्यावर माझं चित्र आलं, चिंच निवडताना. टाळ्या झाल्या. मी उठून हात जोडले. तेवढ्यात मैत्रीताईंचा आवाज आला: "सुशीलाताई, रंग छान लागलेत. पण तुमचे यजमान आता आम्हाला पाठ झाले. यांच्या चेहऱ्यावर काहीच घडत नाही हो! अंतिम फेरीला जरा काहीतरी घडणारा चेहरा समोर बसवा." आणि कॅमेरा माझ्या चेहऱ्यावर गेला. चित्रातल्या. तो पडदाभर पसरला आणि खरोखरच, बापूराव, त्यावर काही घडत नव्हतं. मी तिथेच हात जोडून उभा. सगळे आपापल्या बशीत बघू लागले. चेअरमन तेवढे म्हणाले, "चिवडा उत्तम झालाय."

तेव्हापासून माझी खुर्ची बाल्कनीतून आत आली आहे. मी पेपर आतच वाचतो. कुणी बघत नसताना पेपर वाचण्यात फारसं काही नसतं, हे आता कळलं. सुशीला नव्या चेहऱ्याच्या विचारात असते. ती अंतिम फेरीत आहे, जिंकावी असं मला मनापासून वाटतं. पण ती दुसऱ्या कुणाकडे तितका वेळ बघणार, या विचाराने घास गोड लागत नाही. हे वय असल्या गोष्टींचं नाही, ते मला सांगू नका.

असो. पत्र लांबलं. सर्वांनी प्रकृतीस जपावं. इकडची काळजी नसावी, ती मी करतोच आहे.

आपला,
नागोराव

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. हे पत्र लिहायला सुशीलेनेच बसवलं आहे. काहीतरी घडणारा चेहरा म्हटल्यावर तिला तुम्ही आठवलात. रेल्वेत तिकीट तपासायला तुम्ही डब्यात नुसते शिरलात, तरी विनातिकीट माणूस आपणहून उभा राहायचा, असं ती तेजसला सांगत होती. अंतिम फेरीचं चित्र स्टुडिओतच काढायचं आहे, तेव्हा समोर बसण्यासाठी तुम्ही पुढच्या आठवड्यात पुण्याला यावं, असा निरोप आहे. निरोप पोचवला.

ता. क. २ : हे आपल्या दोघांत. तुमच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणार नाही. पुण्याचं पाणीही तुम्हाला मानवत नाही. शिवाय आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मधोमध तुम्हीच उभे आहात, तेवढं पुरे. जमत नाही असं सुशीलेला फोन करून तुम्हीच कळवा. माझं नाव येऊ देऊ नका.

ता. क. ३ : पाकिटावर तुमचा पत्ता घालायला हे पत्र सुशीलेकडे द्यावं लागलं (पिनकोड तिलाच पाठ आहे), आणि तिने ते सबंध वाचलं. रागावली नाही. म्हणाली, बापूरावांचं चित्र काढायचंच नाही, काढायचं ते माझंच. स्टुडिओत घरची दोन माणसं आत सोडतात. तुम्ही तिच्या पाठीमागे, मला दिसाल असं बसायचं. बापूरावांचं नाव काढल्यापासून माझ्या चेहऱ्यावर इतकं काही घडतंय, म्हणाली, की तिला हात आवरत नाहीये. आत्ता हे लिहितानाही ती समोर बसली आहे आणि हलू नका म्हणते आहे. तेव्हा मिळेल त्या गाडीने निघा. गुडघ्यांचं मनावर घेऊ नका, तुमचे गुडघे चांगले आहेत.