अण्णांच्या पेट्या आणि गच्चीवरचं ऊन

अण्णा, तुमच्या पेट्यांचा निकाल लागला. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एकदाही हाक मारली नाही, पितृपक्षात तुमचं पान वाढतानासुद्धा नाही. आज मारते आहे, कारण जे सांगायचं आहे ते ऐकायला दुसरं कुणी उरलं नाही. धाकट्या भावाने माझ्याशी बोलणं टाकलंय. आई तुमच्या दोन वर्षं आधी गेली, सुटली बिचारी. तुम्हाला मात्र मी इतक्यात सोडणार नाही.

झालं असं, की तुमच्या धाकट्या लेकाने नगरपालिकेत अर्ज दिला. टॉकीजची मॅनेजरी करताना तुम्ही जमवलेली सिनेमाची पोस्टरं, नटनट्यांचे फोटो, गाण्यांच्या चोपड्या, या सगळ्याचं संग्रहालय करायचं. जागा पालिकेची, बाजारामागचा हॉल. खर्च पालिकेचा. नाव तुमचं, आणि दारात तुमचा हार घातलेला मोठा फोटो. अडचण एवढीच होती की त्या हॉलमध्ये नऊ वर्षांपासून बचत गटाच्या बायका कुरडया, पापड, शेवया करतात आणि वरच्या गच्चीवर वाळवतात. पोस्टरांना उष्णता सोसत नाही, म्हणून गच्चीवर छत घालायचं, हॉल थंड ठेवायचा, आणि बायकांनी आपली सोय दुसरीकडे बघायची असा बेत होता. त्यांना दुसरीकडे कुठे सोय नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि शेवटची अडचण मी. त्या वॉर्डाची नगरसेविका मी, आणि तुमची थोरली मुलगी म्हणून पेट्यांची अर्धी मालकीणही मी. माझी सही असल्याशिवाय पालिका पेट्यांना हात लावणार नव्हती. गंमत बघा अण्णा, ज्या पेट्यांना हात लावला म्हणून मी तुमच्या हातचा मार खाल्ला, त्यांना आता माझ्या परवानगीशिवाय कुणी हात लावू शकत नव्हतं.

वॉर्डाच्या सभा त्या हॉलमध्येच भरतात. तिथल्या सभेत धाकट्याने भाषण केलं. तुम्ही कलेची किती निष्ठेने सेवा केली वगैरे. मी खाली मान घालून ऐकत होते आणि मला भुसावळहून येणारे पिक्चरच्या रिळांचे ते पत्र्याचे डबे दिसत होते. पॅसेंजरने मलकापूर स्टेशनात उतरायचे. तुम्ही स्वतः हातगाडी घेऊन आणायला जायचात, आजारी असलात तरी जायचात. डब्यांबरोबर पोस्टरांचं भेंडोळं आणि फोटोंचं पाकीट यायचं. पिक्चर उतरलं की ते सगळं परत पाठवायचं असे. तुम्ही प्रत्येकातलं एक ठेवून घ्यायचात आणि कागदावर लिहायचात, पावसाने खराब झालं. मे महिन्यातसुद्धा तुमच्या टॉकीजवर पाऊस पडायचा. हे काही मी सभेत सांगितलं नाही. मेलेल्या माणसाची चोरी उघड करण्याइतकी मी वाईट नाही, त्याहून वाईट मी कशी आहे ते पुढे सांगते.

दोन खोल्यांचं आपलं घर. त्यातली कोरडी, हवेशीर खोली पेट्यांची आणि आपण चौघं स्वयंपाकघरात. पावसाळ्यात चुलीशेजारी पाणी गळायचं, तिथे आई झोपायची. डांबरगोळ्या तुमच्या पेट्यांत आणि कसर आईच्या लग्नातल्या शालूला. तो शालू तिने एकदाच तुमच्यासमोर उलगडून धरला होता, भोकांतून पलीकडचं दिसत होतं. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "जुना झाला आता." तुमच्या पेटीतलं काहीच कधी जुनं होत नव्हतं. मी चौथीत असताना एका फाटक्या पोस्टराचा कोपरा कापून भूगोलाच्या पुस्तकाला कव्हर घातलं, तर तुम्ही मला मारलंत ते मारलंत, वर सहा आठवडे माझ्याशी बोलला नाहीत. जेवताना धाकट्याला सांगायचात, "तुया बहिनीले सांग, मीठ दे म्हना." मी तुमच्या ताटासमोरच बसलेली असायचे.

आणि तो कुरडयांचा दिवस. आईने पिंपळगाव राजा या गावच्या माहेराहून गहू आणला होता. तीन दिवस भिजवला, वाटला, पहाटे उठून चीक शिजवला. कुरडयांचं कसं असतं तुम्हाला कुठून माहीत असणार, चीक गरम आहे तोवर सोऱ्यातून कुरडई पाडावी लागते, थंड झाला की संपलं. गच्चीवर अंथरायचं लुगडं वाळलेलं नव्हतं. तुम्ही हवा लागावी म्हणून बाजेवर एक मोठं पोस्टर पसरून ठेवलं होतं. आईने ते उचललं, गच्चीवर पालथं घातलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर भराभर कुरडया पाडल्या. किती सुंदर दिसत होत्या. पांढऱ्याशुभ्र, एकासारखी एक. मी कावळे हाकायला काठी घेऊन बसले होते. तुम्ही टॉकीजवरून जेवायला आलात.

"कोनाले इचारून घेतलं थे?" तुमचा आवाज कधी चढायचा नाही, तेच भयंकर होतं.

"लुगडं ओलं व्हतं," आई म्हणाली. "मांगची बाजू कोरीच हाये नं. मले वाटलं, वायल्या की अलगद निंगतीन."

तुम्ही पोस्टर दोन्ही टोकांनी उचललंत, कठड्याशी नेलंत आणि खाली रस्त्यावर झटकलंत. ओल्या कुरडया धुळीत पडल्या. शेजारच्यांच्या शेळ्या आल्या. बाया दारात येऊन बघत होत्या आणि आई परात घेऊन खाली गेली, त्यांच्यादेखत वरच्या वरच्या वेचायला लागली. मी गच्चीवरून बघत होते. तुम्ही बघत नव्हतात. तुम्ही सावलीत बसून ओल्या कापसाने पोस्टराला चिकटलेला चीक काढत होतात, इतक्या हलक्या हाताने, की मला वाटलं होतं तुमच्या त्या हातांना हे येतं तरी. आईला ताप आला तेव्हा तिच्या कपाळावर असा हात तुम्ही कधी ठेवला नव्हता. चीक निघाला पण गोल डाग राहिले. आईने त्यानंतर आपल्या घरात कुरडई केली नाही. सणाला शेजारून यायची.

तुम्ही चांगलंही वागलात एकदा, तेही लिहिते, नाहीतर म्हणाल पोरगी एकतर्फी बोलते. मी मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही मला गाण्यांची एक चोपडी दिलीत. स्वतःच्या पेटीतली. मी ती उशाशी घेऊन झोपायचे. तिसऱ्या आठवड्यात तुमच्याजवळची जोडीची प्रत उंदराने खाल्ली आणि तुम्ही माझी परत घेतलीत. "तुले काय कराची हाये, तुले तं पाठ झाली असंन," म्हणालात. झाली होती. अजून आहे.

तर सभा. पुण्याहून एक अभ्यासक बाई आल्या होत्या, शांत, हुशार, सुती साडीतल्या. त्यांनी हॉलमधल्या कणीक मळायच्या टेबलावर तुमची पोस्टरं उलगडली. खोटं कशाला बोलू, लाल रंग असा उजळला की मीही खुर्ची सोडून पुढे झाले. बायका हातातलं काम टाकून आल्या. गटाची प्रमुख आपा आहे, तिच्या हातच्या शेवया ईदला अर्ध्या गावात जातात. ती एका चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हे पिक्चर म्या पायलं व्हतं बाई. लग्नाच्या आंधी, अम्मीसंगं, बायांच्या बाजूनं बसून." पदराने डोळे पुसले तिने. त्या पुण्याच्या बाई म्हणाल्या, "अशा वस्तू गावाने नाही सांभाळल्या तर कुणीच सांभाळत नाही." मला ते पटलं, अण्णा. पटलं म्हणूनच राग आला. मग त्यांनी एक पोस्टर पालथं केलं आणि मागचे गोल डाग बघून त्यांचा चेहराच खुलला. हे तर सगळ्यात मोलाचं, म्हणाल्या, याच्यावर कुणाचं तरी रोजचं जगणं उमटलंय, हे दोन्ही बाजूंनी दिसेल असं काचेत लावू. धाकट्याने विचारलं, "खाली काय लिहाचं? पाण्याचे डाग?" आईच्या पोटचा पोरगा. त्याला आठवतच नव्हतं.

एक नगरसेवक म्हणाले, "म्युझियम झालं तं हायवेवरची लोकं थांबतीन इथं, गावाचं नाव होईन." हायवेवरची लोकं आपल्याकडे कशाला थांबतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यासाठी त्यांना आडोसा पुरतो. मी हे बोलले आणि सगळे हसले, धाकटा सोडून. मग नगराध्यक्ष म्हणाले, "ताई, बाप तुमचा, वॉर्ड तुमचा. तुम्हीच सांगा." मी आपाकडे बघितलं. ती डोळे पुसून मोकळी झाली होती. "फोटोले ऊन चालत नाई," ती म्हणाली, "अन् कुरडईले उनाशिवाय चालत नाई. आता हॉल कोनाले द्याचा थे तुमीच पाहा."

मी सही केली नाही. उभी राहिले आणि म्हणाले, माझ्या वडिलांच्या छंदाचा भार आमच्या घराने तीस वर्षं वाहिला, आता गावाने वाहू नये. ज्या गच्चीवर बायांची चूल चालते तिथे कागद झोपवायचे नाहीत. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी लोक रस्त्यात थांबवून सांगत होते, ताई, सख्ख्या बापापेक्षा गरीब बाया मोठ्या मानल्या तुम्ही. मी हात जोडून पुढे गेले. धाकटा मात्र सभेतून उठताना माझ्याजवळ आला. "पेट्या जपल्या हायेत या भरोशावर अण्णा शांत गेले ताई," म्हणाला, "तुले थेही पाहावलं नाई." खरं सांगायचं सोडून मी समोरचे कागद आवरले.

कारण तुम्ही कसे गेलात ते तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. अर्धांग झालेलं, जीभ गेलेली. तुमची बाज त्या कोरड्या खोलीत घालायची म्हणून धाकट्याने पेट्या ओळखीच्या कापूस जिनिंगच्या गोदामात नेऊन ठेवल्या आणि तो नोकरीवर निघून गेला. मी तीन महिने तुमचं हगणंमुतणं काढलं. तुम्ही डावा हात उचलून रोज त्या रिकाम्या भिंतीकडे दाखवायचात. माझ्याकडे नाही, भिंतीकडे. मी रोज सांगायचे, गोदामात हायेत, चांगल्या हायेत. तुम्ही डोळे मिटायचात. त्या दिवशी मी तुम्हाला भरवत होते आणि तुम्ही घास तोंडात तसाच ठेवून पुन्हा हात उचललात. तीन महिन्यांत एकदा, एकदा जरी तुम्ही आईच्या फोटोकडे हात केला असता. मी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "इकल्या. रद्दीवाल्याले देल्ल्या साऱ्या." तुमचा हात खाली आला. एकाच डोळ्यातून पाणी आलं, दुसरा तर मेलेलाच होता. मी ते पुसलं नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत आणि मग माझ्या हातून काही खाल्लं नाहीत. पाचव्या दिवशी गेलात. त्या पाच दिवसांत, खोटं होतं ते अण्णा, असं सांगायला मला कितीदा तरी वेळ होता.

म्हणून सही केली नाही. बायांकडे बघून केली नाही हेही खरं, त्यांचा हॉल राहिला याचा मला आनंदच आहे. पण हॉलच्या दारात तुमचा तो फोटो लागला असता, आणि मला दर सभेला त्या दोन डोळ्यांसमोरून जावं लागलं असतं.

काल सकाळी रद्दीवाल्याची हातगाडी आपल्या गल्लीतून गेली. धाकट्याने मुद्दाम माझ्या दारावरूनच पाठवली असणार. पेट्या सगळ्या होत्या, झाकणं उघडी, आणि वर दोरीने बांधलेलं ते डागांचं पोस्टर, पालथं. मी धावत खाली उतरले, गाडी थांबवली. रद्दीवाला ओळखीचा आहे, म्हणाला, "ताई, काही पाहिजे का यातलं? घेऊन घ्या." मी दोरी सोडली, आईचं पोस्टर तेवढं ओढून घेतलं आणि बाकीचं घेऊन जा म्हणाले. नेऊ नको म्हटलं असतं तर त्याने सगळ्या पेट्या माझ्या ओट्यावर उतरवून दिल्या असत्या.

आता पोस्टर माझ्यासमोर आहे, या गोलांवरून हात फिरवला तर अजून खरखरीत लागतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्याच्याच घडीत ठेवीन. बावीस वर्षांपूर्वी मी तुम्हाला सांगितलं ते काल खरं झालं. तेव्हा खोटं बोलताना मला बरं वाटलं होतं अण्णा, फार बरं वाटलं होतं. काल गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि माझाच डावा हात वर झाला होता.