रांगेतलं लाल स्टूल

१२ जाने. २००६, पांढरकवडा
कापूस खरेदी केंद्राबाहेर, वजनकाट्यासाठी, बैलगाड्यांची रांग पार हायवेपर्यंत. रांग लांब म्हणून लोक घाई करतात, घाई करतात म्हणून रांग लांब. एवढं एक वर्तुळ काढायला मी पीएच.डी. करतेय! विषय सिस्टिम्स सायन्स. मेकॅनिकलवाले म्हणतात, यात यंत्र कुठंय? अर्थशास्त्रवाले म्हणतात, ही आमची नव्हे. आई नेरहून फोनवर : "पोरी, तू नेमकी काय होऊन राह्यली?"

१४ जाने.
रांगेतल्या शोभाताईंच्या गाडीमागे माझं लाल स्टूल टाकून बसते. त्यांचे यजमान बैल घेऊन घरी गेलेत, ताई गाडीपाशी. रांग हलली की सगळे गाड्या ढकलतात, मी स्टूल उचलते.
"तुयी गाडी कुठी हाये वं?"
म्हटलं, गाडी नाही, अभ्यास आहे.
"मंग तो काट्यावर कधी नेतं?"
त्या हसल्या, मीही हसले. बऱ्याच दिवसांनी. संध्याकाळी स्टूल तिथेच ठेवून आले.

१७ जाने.
कालपासून ताप. लॉजवर एकटी. दुपारी रडले, उगाच. म्हणजे उगाच नाही, विचारणारं कोणी नाही म्हणून. मार्गदर्शक सरांचा फोन : सोमवारी समितीपुढे या, कोणत्याच विभागाने घेतलं नाही तर नोंदणी रद्द. मी तापाचं सांगितलं नाही.

१९ जाने.
रांग बरीच सरकलेली. जुन्या जागी स्टूल नाही. गेलं चोरीला, म्हटलं. तर पुढे, ताईंच्या गाडीमागेच, मागच्या गाडीपासून अंतर सोडून ठेवलेलं.
"आणलं सरकवत. जागा जाईन ना तुयी."
विकायला काही नाही त्याचीही जागा धरतात. हे माझ्या रांगेच्या आकृतीत कुठे बसवू? पाणी प्यायच्या निमित्ताने बाजूला गेले.

२१ जाने.
नागपूरची एसटी दुपारी. स्टूल उचलायला गेले.
"राहू दे."
"परत येणं होतं की नाही, ताई..."
"राहू दे म्हन्लं ना."
"आन् तुमची गाडी आत गेल्यावर?"
"मागच्याले सांगून जाईन."

२३ जाने., संस्था
आकृतीत स्टूल काढलं होतं. एका सरांनी विचारलं, हा कोणता घटक? म्हटलं, धरून ठेवलेली जागा. आता बाहेर बसवलंय. मी कोणाची, ते आत ठरतंय. दोन्ही विभागांकडून "आमच्याकडे जागा नाही" एवढंच ऐकू येतं. फार एकटं वाटतंय.
ताईंची गाडी एव्हाना आत गेली असेल. मागच्याला सांगितलं असेल ना?