डावीकडून येणारी

३ जून
नवी पोर आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, हिला नजरेचा घेर मोजायचं ते फील्डचं मशीन शिकवा. माझं मशीन! एकोणीस वर्षं पेशंटना त्या पांढऱ्या वाटीसमोर बसवतेय — नजर मधोमध ठेवा, कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबा. काचबिंदू कडेकडेनं नजर खातो, दुखत नाही, पत्ता लागत नाही. हे हिला चार दिवसांत येणार म्हणे.

७ जून
आलं.

११ जून
पोरीची चाल मांजरीची. डावीकडून कधी येऊन उभी राहते, कळतच नाही. आज दचकले, हातातली ड्रॉप्सची बाटली पडली. चांगलं झापलं. बाटली उचलून माझ्या हातात दिली — तेही नाटकच.

१२ जून
आता काय, तर चप्पल आपटत चालते! डॉक्टरबाईंचं लक्ष जावं म्हणून. नखरे मेले.

२० जून
एका आजोबांना तिनं विचारलं, घरात आणखी कोणाला काचबिंदू? तपासायला पाठचा भाऊ आणवला, त्याचा वेळेत सापडला. डॉक्टरबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिची नजर बघा." नुसता जळफळाट झाला. रक्ताच्या नात्यातल्यांना आणा, हे तिला शिकवलं कोणी? माझे बाबा ह्याच दुखण्यानं आंधळे होऊन गेले, मला शिकवू नका.

२१ जून
दाराला खांदा आपटला. परत डावाच. तिनंच दाराजवळचं कपाट पुढे सरकवून वाट अरुंद केली असणार.

२४ जून
जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, ताई, तुम्ही बसा ना मशीनवर, माझा सराव होईल. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बसले — तिच्या चुका काढायला. दिवेच येईनात! तिच्यापुढे हसं नको, म्हणून मशीनच्या टकटकीवर बटण दाबत सुटले. पेशंटनी असं केलं की मीच ओरडते.

कागद निघाला; मशीन मधेच दिवा न लावता नुसतं टकटकतं, ती फसवणूक त्यावर छापून येते. ती हळूच म्हणाली, "ताई, दिवा नसतानाही दाबलंत."

मशीन बिघडलंय, म्हटलं. तिला बसवलं. तिचा कागद स्वच्छ. मग मी परत बसले, खरीखुरी. डावी बाजू काळी.

२५ जून
डॉक्टरबाईंनी डोळ्यांचा दाब मोजला. वाढलेला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली ड्रॉप्सनी टिकवायची, रोज, एकही दिवस न चुकवता. हे मी स्वतः किती जणांना सांगितलंय.

२६ जून
विचारलं तिला, कधी कळलं गं तुला? म्हणाली, बाटली पडली त्या दिवशी शंका आली, पण तुमच्यापुढे बोलायची हिंमत होईना.

चप्पल ती माझ्यासाठी वाजवत होती.