फळ्यांना पितळी फिरक्या

नांदेड, रविवार, संध्याकाळ

हे गेल्यापासून त्यांची शिडाची होडी अंगणात पालथी पडून होती. आज ती उलथून सरळ केली, आतल्या तळाच्या फळ्या बसवायच्या होत्या. गणपत सुतार खिळे घेऊनच आला.

"ठोकून टाकतो काकू, लई पक्कं होतंय."

"मग फळ्यांखाली साचलेलं पाणी कसं उपसू?"

"अंगणात कुठून यायलंय पाणी?"

लातूरहून आलेला प्रकाशही हसला. "आई, तिच्यात गुलाब लावायचेत ना?"

म्हणजे लेकाचं सगळं ठरलेलंच. यांच्या होडीची कुंडी करायची?

खिळे परत दिले. मागच्या जुन्या खिडकीला बोटाने फिरवायच्या पितळी फिरक्या होत्या, त्याच काढून लावायला सांगितल्या. आडव्या केल्या की फळी धरून ठेवतात, उभ्या केल्या की फळी हातात येते. हे धरणावर फळी उचलायचे आणि तुपाच्या डब्याने मी पाणी उपसायची. किती कुरकुरायची मी! आता तो डबाही हवासा वाटतो.

स्क्रूसुद्धा पितळीच लावले. लोखंड गंजतं, आणि ही होडी भिजणार आहे.

गणपत गेल्यावर सगळ्या फिरक्या फिरवून पाहिल्या. एक घट्ट आहे, तिला तेल दिलं. मग माळ्यावरून तुपाचा डबा काढला आणि प्रकाशच्या हातात दिला.

"पुढच्या रविवारी ये. पाणी तू उपसायचंस."