सरदारीणबाईंचा हिरवा झगा

३ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून मी, स्पिरिदोन, बल्गेरियातल्या रुसे शहराच्या ऑपेराचा मुख्य कटर. इतकी वर्षं इथे शिपाई, द्वारपाल आणि कोरसवाल्यांचे कोट कापले. गुणांची कदर उशिरा का होईना, होते. (एव्दोकियाबाई निवृत्त झाल्या, हेही एक कारण.)
चावी देताना बाई म्हणाल्या, "स्पिरो, बाईचा झगा म्हणजे कोट नव्हे. जुन्या काळातला असेल तर आधी पुतळ्यावर मांजरपाट लावून बघ. मगच चांगल्या कापडाला कात्री लाव."
मी मान हलवली. कुठल्या अर्थाने, ते त्यांनी ठरवावं.
संकल्प: सिगारेट बंद. घरी तेमेनुश्काशी कामाविषयी चकार शब्द काढायचा नाही. थोरली बहीण असली म्हणून तिला सगळंच कळतं असं नाही.

५ ऑक्टोबर, बुधवार
दिग्दर्शक पानायोतोव्ह यांनी बोलावलं. नवा ऑपेरा, अठराव्या शतकातली सरदारीण, तिसऱ्या अंकात खंजीर खुपसून मरते. टेबलावर हिरवा किनखाब. हातमागाचा. विणणारा म्हातारा वारला, माग विकला गेला. पानायोतोव्ह म्हणाले, "एवढाच आहे. पुन्हा मिळणार नाही."
मी म्हणालो, "मला पुन्हा लागत नाही."
तेवढ्यात सरदारीण आली. राडोस्लावा. सोफियाहून नव्यानेच इकडे आलेली सोप्रानो, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारी. हात मिळवून म्हणाली, "मास्तर, बाकी काही नको. मला श्वास घेता आला पाहिजे."
विनोदबुद्धी चांगली आहे.
मापं टेपने घेतली नाहीत. कलावंत बाईच्या अंगाला टेप लावणं बरं दिसत नाही. शिवाय मला नजर आहे. वहीत लिहिलं: कंबर, नाजूक.

११ ऑक्टोबर, मंगळवार
लायब्ररीत जुन्या पोशाखांचं पुस्तक पाहिलं. मानेपासून जमिनीपर्यंत पाठीवर सुट्या चुण्या. हे ठीक. पण मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, लहान आणि पार मागे सरकलेला, खांद्याची शिवण पाठीवर! त्या शिंप्यांना शास्त्र नव्हतं, दुसरं काय. मी कोटाचा मुंढा घालणार. सुधारणा कुणीतरी करायला हवीच.
तेमेनुश्काने विचारलं, रुमालाला इस्त्री कशाला? बोललो नाही. संकल्प पाळला.

१८ ऑक्टोबर, मंगळवार
किनखाब कापला. मांजरपाटाविना. मांजरपाट पडतो एक तऱ्हेने, किनखाब दुसऱ्या. म्हणजे ती ट्रायल ही स्वतःची फसवणूकच. पुतळा सरदारीणबाईंपेक्षा जरा सपाट होता, तिथे कापूस भरला. पाठ उरेब, तिरक्या धाग्यावर कापली, म्हणजे चुण्या पाण्यासारख्या वाहतील.
कात्री एकदाही अडली नाही. सिगारेट एक. आज अपवाद.

२७ ऑक्टोबर, गुरुवार
पहिली ट्रायल. हुक लागले नाहीत. दमट हवा. कापड आक्रसतं.
राडोस्लावा म्हणाली, "मास्तर, हात वर जात नाहीत."
मी सांगितलं, दरबारी बायका हात वर करत नसत.
"मग खंजीर कसा उचलू?"
"हळूच."
ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा यावं लागेल, नाही का?"
आवाजात काहीतरी होतं.

७ नोव्हेंबर, सोमवार
आज ती परत आली. मध्ये एकदा येऊन गेली, ते लिहायचं राहिलं. एक बाई एका झग्यासाठी इतक्यांदा येते? मी लहान मूल नाही. मला समजतं.
पाठीच्या चुण्या डावीकडे जातात. बहुधा पुतळ्याचा पाय वाकडा आहे. काखेत उसवून सैल करायला गेलो, तर सोडायला आत कापडच नाही. काखेत तुकडा जोडला. तो हिरवा नाही, पण हिरव्याच्या जवळचा आहे.
ती म्हणाली, "मास्तर, खरं सांगा, होईल ना?" मी म्हणालो, "सगळं होईल. वेळ लागतो अशा गोष्टींना." तिने मान खाली घातली. लाजली असावी.

१५ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी थोडं कोलोन लावलं. तेमेनुश्का म्हणाली, "कपाटात उंदीर मेलाय, की तू अत्तर लावलंयस?"
मग संकल्प मोडला. सगळं सांगून टाकलं. तिने सूप ढवळणं थांबवलं नाही. "अरे बाबा, तू आवडतोस म्हणून नाही येत ती. झगा बसत नाही म्हणून येते. उद्या बसला ना, तर तोंडसुद्धा बघणार नाही तुझं."
मी शांतपणे म्हणालो, तुला रंगभूमीची माणसं कळायची नाहीत. ती म्हणाली, "पाव घे."
बायकांचा मत्सर. लग्न झालं नाही, की असं होतं. (माझंही झालं नाही, पण माझं वेगळं आहे.)

२५ नोव्हेंबर, शुक्रवार
एव्दोकियाबाई सहज म्हणून आल्या. निवृत्त माणसाने घरी बसावं. झगा उलटा केला, चष्मा लावला आणि ओरडल्या, "स्पिरो, माया कुठे आहे?"
माझे कान लाल झाले. गोष्ट इतकी पसरली? मी म्हणालो, "बाई, हा माझा खासगी प्रश्न आहे."
"कसला खासगी? शिवणीत माया कुठे आहे, गधड्या! बोटभर तरी कापड सोडतात. आत माणूस असतो, तो श्वास घेतो. आणि पाठ उरेब कापलीस? ती लोंबणारच!"
मी सांगितलं, आता काळ बदलला. त्या म्हणाल्या, "मला बोलावलं असतंस तर मी आले असते रे." हे जरा हळू म्हणाल्या. मी खिडकीबाहेर पाहिलं. डॅन्यूबवर धुकं होतं. बोट दिसत नव्हती, नुसता भोंगा.
सिगारेटी: मोजत नाही.

७ डिसेंबर, बुधवार
रंगीत तालीम.
दोन अंक नीट गेले. म्हणजे ती बसली नाही, वाकली नाही, आणि चेहरा फिका होता, पण ते भूमिकेला शोभत होतं. तिसऱ्या अंकात खंजीर उचलला. वरचा सूर लावायला तिने श्वास घेतला आणि फर्रर्र आवाज झाला. मला आधी वाटलं, ऑर्केस्ट्रातलं काहीतरी.
पाठ मानेपासून कमरेपर्यंत उघडली. राडोस्लावाने सूर सोडला नाही. एक हात मागे धरून, खंजिरासकट, शेवटपर्यंत गायली. मेली नाही. उलटी चालत विंगेत गेली. वादकांनी व्हायोलिनचे गज आपटून टाळ्या दिल्या.
पानायोतोव्ह माझ्या आईविषयी काहीतरी बोलले. ते इथे लिहीत नाही.
दोष धाग्याचा. मी कधीपासून म्हणतोय, हल्लीचा धागा चांगला नाही.

९ डिसेंबर, शुक्रवार
पहिला प्रयोग. राडोस्लावा गोदामातल्या जुन्या तपकिरी झग्यात. एव्दोकियाबाईंनी दोन दिवस बसून तो तिच्या अंगावर बेतला. बरा दिसला. हात वर जात होते, ते मान्य.
माझा किनखाब पानायोतोव्हनी उसवून सरदारणीच्या पलंगाला लावला होता. तिसऱ्या अंकाचा पडदा उघडला आणि काय त्याच्या चुण्या! लोकांनी पलंगाला टाळ्या दिल्या. मी उभा राहून किंचित लवलो. मागचा गृहस्थ म्हणाला, "खाली बसा हो."

१० डिसेंबर, शनिवार
पानायोतोव्हनी बोलावलं. राजीनामा खिशात ठेवून, ताठ मानेने गेलो. ते म्हणाले, "राहा. पण कोटच कापा." आणि वर पाहिलं नाही. "राडोस्लावाचे आभार माना. ती भांडली तुमच्यासाठी."
भांडली! माझ्यासाठी!
राजीनामा खिशातच राहिला. सोमवारी संत स्पिरिदोनचा दिवस, माझा नामदिन. नामदिनाला बोलवायचं नसतं, ज्याला यायचं तो येतो. ती येणार. तेमेनुश्काला भोपळ्याची बानित्सा, पापुद्र्यांची ती भाजलेली पोळी, करायला सांगितली. नाताळआधीच्या उपवासाचे दिवस आहेत, पण भोपळ्याची चालते.

१२ डिसेंबर, सोमवार
आली. मिठाईचा डबा घेऊन. मी निळा सूट घातला होता, माझ्याच हातचा. शेजारपाजारचे येऊन गेले होते. घरात आम्ही तिघंच.
बसली, बानित्सा खाल्ली, तेमेनुश्काला कृती विचारली. मग माझ्याकडे वळली. म्हणाली, "पानायोतोव्हना मी सांगितलंय, तालमीच्या दिवसांत माझं वजन वाढलं म्हणून शिवण उसवली. त्यांनी विचारलंच तर तुम्हीही तेच सांगा. एवढी वर्षं नोकरी केलीत, एका झग्यापायी जायला नको."
म्हणजे कबूल केलं तिने! वजन वाढलं होतं. मला पहिल्या ट्रायलपासून शंका होती, केवळ सभ्यपणामुळे बोललो नाही. मनातल्या मनात तिला माफ केलं. बरंच काही बोलायचं योजलं होतं, त्याची सुरुवात करायला घसा साफ केला.
ती उठली. कोट मी धरला. बाही चढवता चढवता ती म्हणाली, "नामदिनाच्या शुभेच्छा. सिगारेट कमी करा, खोकला ऐकवत नाही. आमच्या बाबांचंही असंच होतं. येते हं, काका."
काका.
जिना उतरतानाही ती काहीतरी गुणगुणत होती. दार मी बराच वेळ उघडंच ठेवलं. थंडी आत येत होती.
तेमेनुश्का आता बोलणार, म्हणून मी मान ताठ करून टेबलाशी बसलो. तिने उठून दार लावलं आणि बानित्साचा कडेचा, कुरकुरीत तुकडा माझ्या ताटात वाढला. तो नेहमी ती स्वतः घेते.