खुशीचा तिसरा ठिपका

बालाघाट,
१२ फेब्रुवारी २०२४

जिजाबाई विहीणबाईंना शेवंताबाईचा रामराम.

आम्ही इकडे खुशाल. माझा नंबर दिसला की तुम्ही फोन उचलत नाही, हे ठाऊक आहे, म्हणून कागद धरला. तिरोड्याच्या शाळेतली सातवी आज कामी आली. अक्षराला हसू नका.

आधी नातीची खबर. खुशी आता आधाराशिवाय बसते. आमच्या ह्यांच्या मिशा धरून ओढते आणि वर स्वतःच हसते. जावळ काढलं नाही म्हणून केस सारखे डोळ्यांत जातात. तुमची सरिता मजेत आहे, पण तुमच्या खैरलांजीकडून गाडी आली की दाराकडे बघते.

मागच्या महिन्यात खुशीचं रक्त तपासायला नागपूरला पाठवलं होतं. रिपोर्ट आला. इथल्या गीता डॉक्टरीणबाईंनी मला फोटो दाखवला. काळ्या पाटीवर रांगोळीचे ठिपके असावेत तसा. पेशीला चमकणारा रंग लावतात म्हणे. हिरवे ठिपके दोन होते, बरोबर. लाल मात्र तीन. तो एकवीस नंबरच्या गुणसूत्राचा रंग, तिथे दोनच हवे होते. त्या एका जास्तीच्या ठिपक्याने पोरगी सगळं शिकेल, पण सावकाश.

मी विचारलं, "बाई, गरहन लागलं म्हनून झालं का हे?"

त्या म्हणाल्या, "आजी, ह्या फोटोत गरहन कुठं दिसून राह्यलं तुम्हाले? पोट राहते तेव्हाच होते हे. यात कोनाचाच दोष नाही."

"सुनेचाही नाही?"

"नाही म्हटलं ना!"

विहीणबाई, बारशाच्या दिवशी पोरीचे डोळे आणि सैल अंग बघून मी तुमच्या तोंडावर म्हटलं होतं, "तुमची पोरगी गरहनात बाहेर हिंडली, त्याचं फळ आहे हे." चार बायांसमोर म्हटलं. तुम्ही ताटावरून उठून गेलात, ते आजपर्यंत आला नाहीत.

आता पुढचं लिहिते. दोनदा लिहून कागद फाडला आहे.

मागच्याच्या मागच्या दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीचं ते सूर्यग्रहण. वासरू सुटून रस्त्यावर गेलं होतं. मी देवापुढे बसले होते, बाहेर पाय टाकायची माझी स्वतःची हिंमत नव्हती. सरिताला म्हटलं, "जा वं, आन त्याले." पाचवा महिना होता तिला. "आई, गरहन आहे ना?" असं ती एकदा म्हणाली, आणि गेली.

बारशाला मी बोलले तेव्हा तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मान खाली घातली. मीच पाठवलं होतं हे तिने नवऱ्याला, राहुललाही अजून सांगितलेलं नाही. रिपोर्टने तिला सोडवलं, मला नाही. ग्रहणाने काही झालं नाही हे आज कळलं. पण ग्रहण मानत असूनही मी तिलाच पाठवलं होतं, आणि वर दोषही तिलाच दिला. फार वाईट वागले मी.

जावळ येत्या रविवारी आहे. मामाच्या मांडीशिवाय केसाला कात्री लावणार नाही, तेव्हा रवीला आणाच. आणि तुम्ही या. त्याच चार बायांना बोलावलं आहे. तुम्ही आलात की त्यांच्यासमोरच सांगेन, वासरू आणायला कोणी पाठवलं होतं ते. नाही आलात तरी सांगणारच आहे, पण तुम्ही ऐकावं असं फार वाटतं.

तुमच्या सरिताला ग्रहणात बाहेर पाठवणारी,
शेवंता